डोक्याची जखम भरली, पण कामांची घडी का बसत नाही?

वस्तीत कुणाचा अपघात झाला की आपण धावून जातो. रक्ताची सोय होते, मित्रमंडळी वर्गणी काढतात, कुणी दवाखान्यात रात्र काढतो, कुणी पंचनाम्याच्या प्रतीसाठी पोलीस ठाण्यात हेलपाटे घालतो. पेशंट शुद्धीवर येतो, टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो. ‘वाचला बिचारा’ म्हणत सगळे आपापल्या कामाला लागतात. वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला दिसते ते असे की, अनेक घरांची खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

दोन-तीन महिन्यांनी घरातून तक्रारी ऐकू येऊ लागतात. किराणा आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. गाडी दुरुस्तीला काढली, सगळे सुटे भाग अंगणात पसरले आणि तसेच टाकून उठला. कामावर मुकादमाने तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एकच केली. बाई असेल तर ‘हिला आता साधी भाजी-भाकरी वेळेवर जमत नाही’ असे सासर बोलू लागते. माणूस चालतो, बोलतो, सगळ्यांना ओळखतो, हसतो, जुन्या गोष्टी सांगतो. मग हे असे का? घरचे आपापल्या परीने उत्तर शोधतात. आळशी झालाय, नाटक करतोय, नुकसानभरपाईच्या आशेने बसून खातोय. कुणी बाहेरची बाधा म्हणतो आणि अंगारे-धुपारे सुरू होतात.

या प्रश्नाचे उत्तर मेंदूविज्ञानाकडे आहे. मेंदूचा जो भाग कामांची आखणी करतो, त्यांचा क्रम लावतो आणि एका वेळी अनेक कामांवर नजर ठेवतो, त्याला इजा झाली तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा दिवस कोलमडतो. ही इजा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा ठपका माणसाच्या स्वभावावर येतो. हा ठपका लागल्यामुळे नोकऱ्या जातात, संसार मोडतात आणि हक्काची भरपाईही कमी मिळते. म्हणून ही माहिती डॉक्टरांइतकीच कार्यकर्त्यांनाही असली पाहिजे.

एका जेवणाची गोष्ट

विल्डर पेनफिल्ड हे विसाव्या शतकातील नामवंत मेंदू शल्यविशारद. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे त्यांनी काम केले. १९२८ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यावर अवघड प्रसंग आला. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या मेंदूत कपाळामागच्या उजव्या भागात गाठ निघाली. शस्त्रक्रिया स्वतः पेनफिल्ड यांनीच केली आणि त्यात मेंदूचा तो भाग मोठ्या प्रमाणात काढावा लागला. रूथ वाचली, घरी परतली. बोलणे, आठवण, माणसांशी वागणे यांत पाहणाऱ्याला फारसे वावगे दिसत नव्हते.

सुमारे सव्वा वर्षाने तिने भावाला जेवायला बोलावले. जेवणार होते एक पाहुणा आणि घरची चार माणसे. बेत साधाच होता, तयारीला अख्खा दिवस हातात होता आणि ती आनंदाने कामाला लागली होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सगळे सामान समोर होते. एक-दोन पदार्थ चुलीवर चढले होते, पण सॅलड तयार नव्हते, मांसाला हातच लागलेला नव्हता आणि एवढा वेळ एकटीने धडपडून ती गोंधळून, रडकुंडीला आली होती. दहा वर्षांपूर्वी हेच काम तिने सहज केले असते. कुणीतरी मदतीला आल्यावर मात्र स्वयंपाक पार पडला आणि पंगतीत ती नेहमीसारखी हसत-बोलत बसली.

पेनफिल्ड यांनी सहकारी जोसेफ इव्हान्स यांच्यासह १९३५ साली ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध केले. रूथ तोपर्यंत हयात नव्हती. गाठ पुन्हा वाढून १९३१ मध्ये तिचे निधन झाले होते. पण तिच्या स्वयंपाकघरातून एक गोष्ट स्पष्ट झाली. भाजी चिरणे, मांस शिजवणे, ताट मांडणे ही सुटी कामे तिला येत होती. ती सगळी एका वेळेला तयार होतील अशी जुळवणी मात्र जमत नव्हती. दुसऱ्या माणसाने ती जुळवणी हातात घेताच काम झाले. आम्हाला या गोष्टीतला हा शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे येऊच.

आखणी म्हणजे डोक्यातला मुकादम

ज्यांनी जयंतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली आहे, त्यांना आखणी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मंडप, साऊंड, पोलीस परवानगी, पाहुण्यांची गाडी, भोजनदान, पावतीपुस्तके. प्रत्येक काम वेगळ्या माणसाकडे असते आणि सगळ्यांवर एकाची नजर असते. परवानगी आधी, मंडप नंतर, हा क्रम त्याच्या डोक्यात असतो. साऊंडवाला ऐनवेळी आला नाही तर दुसरा शोधायचा निर्णय तोच घेतो.

आपल्या मेंदूतही असाच एक मुकादम असतो. शास्त्रज्ञ त्याला कार्यकारी क्षमता म्हणतात. त्याची कामे ढोबळमानाने अशी:

- ध्येय ठरवणे आणि ते काम संपेपर्यंत लक्षात ठेवणे.
- मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडून त्यांचा क्रम लावणे.
- काम सुरू करणे. मनात असूनही सुरुवातच न होणे ही मेंदूच्या इजेनंतरची फार मोठी अडचण असते.
- मध्येच समोर आलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे वाहून न जाणे.
- ठरलेली वेळ आली की ठरलेली गोष्ट आठवणे, जसे जेवणानंतरची गोळी किंवा चार वाजता शाळेतून मुलाला आणणे.
- चूक होत असेल तर ती ओळखून मार्ग बदलणे.

आता सकाळी सहाचे एखादे घर पाहा. नळाला पाणी आले आहे, ते तासाभरात जाणार. एका गॅसवर दूध, दुसऱ्यावर भात. मुलाला उठवायचे, नवऱ्याचा डबा भरायचा, त्यातच फोन वाजतो. आपण म्हणतो की ही बाई चार कामे एकदम करते. प्रत्यक्षात लक्ष लागणारी चार कामे मेंदू एकदम करत नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर भराभर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत ‘मागचे काम कुठे सोडले होते’ याची खूण ठेवतो. मल्टिटास्किंग म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. इजा झालेल्या मेंदूत ही खूण पुसली जाते. फोन घेतला की दूध गेले, दूध पुसायला घेतले की नळ राहिला. मग सगळे एकदम अंगावर येते आणि माणूस मटकन खाली बसतो किंवा चिडून भांडे आपटतो.

इजा नेमकी कुठे होते

या मुकादमाचे मुख्य ठाणे कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात असते. त्याचे धागे मेंदूच्या इतर भागांत दूरवर पसरलेले असतात. डोक्याला जोराचा मार लागतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे आदळतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, त्यावर मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग घासला जातो. त्यामुळे मार मागच्या बाजूने लागला तरी इजा पुढे होऊ शकते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. वेगातली गाडी एकदम थांबली, डोके गरकन फिरले की मेंदूतील बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारे हेच तंतू. अशी सूक्ष्म इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे वाक्य घरच्यांना दिलासा देते, पण पुढे तेच ‘तुला काही झालेलेच नाही’ या आरोपाचा पुरावा म्हणून वापरले जाते. अपघाताशिवाय पक्षाघात, मेंदूतील गाठ, मेंदूज्वर आणि मेंदूला बराच वेळ प्राणवायू न मिळणे यांमुळेही असेच परिणाम होऊ शकतात.

त्यात थकव्याची भर पडते. इजा झालेल्या मेंदूला पूर्वीच्याच कामासाठी जास्त जोर लावावा लागतो. सकाळी बरा वाटणारा माणूस दुपारनंतर साफ गळून जातो. काल जमलेले आज जमत नाही. बघणाऱ्याला तो सोंग करतोय असे वाटते ते या चढ-उतारामुळेच.

चाचणीत पास, बाजारात नापास

१९९१ साली टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या ब्रिटिश संशोधकांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची बुद्धिमत्ता चाचणीत उत्तम होती. खोलीत टेबलासमोर बसवून दिलेल्या बऱ्याचशा चाचण्यांतही ते पार पडत होते. रोजच्या आयुष्यात मात्र ते सतत अडखळत होते.

मग संशोधकांनी चाचणीच बाजारात नेली. काही किरकोळ वस्तू विकत घ्यायच्या, काही माहिती विचारून लिहून काढायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहायचे आणि हे करताना दिलेले साधे नियम पाळायचे. यातले एकही काम अवघड नव्हते. पण कोणते आधी, कोणते नंतर हे सांगणारे कुणी नव्हते. तिथे या व्यक्तींची गाडी घसरली. कामे राहून गेली, नियम मोडले गेले.

याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. तपासणीच्या शांत खोलीत मुकादमाचे काम समोरचा तपासनीस करतो. आता हे करा, आता थांबा, आता पुढचे. त्यामुळे आतली उणीव झाकली जाते. घर, बाजार आणि कामाच्या ठिकाणी तपासनीस नसतो. ‘डॉक्टरांसमोर नीट बोलतो आणि घरी आल्यावर असा वागतो’ ही तक्रार अनेक बायका आणि आया करतात. त्या खरे सांगत असतात आणि पेशंटही फसवत नसतो.

आणखी एक गोष्ट. मेंदूच्या अशा इजेत कधी कधी स्वतःची उणीव स्वतःला कळण्याची क्षमताच कमी होते. ‘मला काही झाले नाही’ असे तो ठामपणे म्हणतो. हा हट्ट वाटला तरी इजेचाच भाग असू शकतो. वाद घालून तो सुटत नाही.

गरिबाच्या घरात मुकादमाला जास्त काम

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे आणखी एक बाजू दिसते. पैसा असलेल्या घरात आखणीचा बराचसा भार पैसा उचलतो. पाणी चोवीस तास, स्वयंपाकाला बाई, गाडीला ड्रायव्हर, बिल आपोआप खात्यातून. आपल्या वस्तीतील घरात नळाची वेळ, रेशनची रांग, दोन बस बदलून कामावर जाणे, बचतगटाचा हप्ता, उसनवारीचा हिशेब हे सगळे एकाच डोक्यात सांभाळावे लागते. ज्याच्याकडे साधने कमी, त्याच्या मेंदूतल्या मुकादमावर ओझे जास्त. त्यामुळे तीच इजा गरिबाला अधिक पांगळे करते.

रोजंदारीवरच्या माणसाला तर सावरायला वेळच मिळत नाही. एक दिवस उशीर, दुसऱ्या दिवशी अर्धे काम, तिसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’. जखम बाईला झाली असेल तर तिची नोंदही होत नाही. तिने घरी केलेल्या आखणीला कधी कुणी काम म्हटलेलेच नसते. त्यामुळे ती क्षमता गेली तर इजा झाली असे कुणाला वाटत नाही, ‘बिघडली’ असे वाटते. पुरुष जखमी असेल तर त्याची आखणी बायकोच्या डोक्यावर येते आणि आपल्या घराबरोबर ती त्याचा मेंदूही सांभाळू लागते. तिच्या थकव्याची विचारपूस कोण करतो?

गेजच्या गोष्टीचा न सांगितला जाणारा भाग

मानसशास्त्राच्या पुस्तकांत फिनिअस गेज या अमेरिकन कामगाराची गोष्ट हमखास असते. तो रेल्वेमार्गाच्या कामावर खरोखरच मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ सुरुंग ठासताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोक्यातून वर निघाली. पंचवीस वर्षांचा गेज वाचला. पण डॉक्टर जॉन हार्लो यांच्या नोंदीनुसार तो चंचल झाला, बेत आखायचा आणि ते अर्धवट सोडून द्यायचा. त्याला मुकादमाच्या जागेवर पुन्हा घेतले गेले नाही. गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. मेंदू बिघडला, माणूस वाया गेला.

गेज पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तिथे त्याने काही वर्षे घोडागाडी चालवण्याचे काम केले. प्रवासी वाहून नेणारी, अनेक घोडे जुंपलेली मोठी गाडी. १८६० मध्ये त्याचा मृत्यू झाला. गेजचा बारकाईने अभ्यास करणारे माल्कम मॅकमिलन यांचे म्हणणे असे की, या कामाने त्याला बऱ्याच अंशी सावरले असावे. रोज तीच वेळ, तोच रस्ता, घोडे जुंपण्यापासून प्रवासी उतरवण्यापर्यंत ठरलेला क्रम. आत जी चौकट मोडली होती, ती बाहेरून मिळाली.

रूथच्या स्वयंपाकघरातही हेच घडले होते. म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे: ज्याच्या डोक्यातला मुकादम जखमी आहे, त्याला उपदेश देऊन भागत नाही, बाहेरून चौकट द्यावी लागते.

घरात काय करता येईल

पहिली पायरी तपासणीची. मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, अपघाताच्या आसपासचे काही आठवत नसेल किंवा नंतर वागण्यात बदल दिसत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनला हे बदल सविस्तर सांगा. कार्यकारी क्षमतेची तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. रोजची कामे पुन्हा शिकवणे हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत हे विभाग असतात, पण कुणी विचारल्याशिवाय पेशंट तिथवर पोहोचत नाही. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, झटके, गुंगी अशी लक्षणे असतील तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

त्यानंतर घरात पुढील गोष्टी करता येतात.

एका वेळी एकच काम. भाजी चिरत असताना फोन नाही, टीव्ही बंद. पाच सूचना एकदम देऊ नका. एक सांगा, ते झाले की दुसरे सांगा.

टप्पे भिंतीवर. ‘आंघोळ करून तयार हो’ ही एक सूचना वाटते, पण त्यात सात-आठ टप्पे आहेत. ते मोठ्या अक्षरात लिहून लावा. वाचता येत नसेल तर चित्रे लावा. झालेल्या टप्प्यावर खूण करू द्या.

वस्तूला ठरलेली जागा. चावी, औषध, आधार कार्ड, पैसे रोज एकाच ठिकाणी. घरातल्या सर्वांनी ही शिस्त पाळायची.

मोबाइलचा गजर. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली १४३ व्यक्तींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ठरलेल्या वेळी पेजरवर आठवण पाठवली की स्मृती आणि आखणीच्या अडचणी असलेल्या लोकांची रोजची कामे लक्षणीय सुधारली. आज पेजरचे काम साधा फोन करतो. फक्त गजर वाजून भागत नाही, कशासाठी वाजला हे पडद्यावर मराठीत लिहिलेले असावे.

थांब, विचार कर, तपास. इयान रॉबर्टसन, ब्रायन लेव्हिन आदी संशोधकांनी ध्येय सांभाळण्याचे एक प्रशिक्षण तयार केले. त्याचा गाभा सोपा आहे. मध्येच थांबायचे आणि स्वतःला विचारायचे, ‘मी आत्ता काय करत होतो? ते झाले का?’ टॉम मॅनली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, काम करताना अधूनमधून नुसता एक आवाज वाजवला तरी मेंदूला इजा झालेल्या व्यक्ती मूळ कामावर परत येतात आणि अधिक कामे पूर्ण करतात. घरच्या माणसाने अशी आठवण द्यावी, पण टोमणा न मारता.

अवघड काम सकाळी, विश्रांती ठरलेली. थकून कोसळण्याची वाट पाहू नका. दोन कामांमध्ये अर्धा तास शांत जागी विसावा हा औषधासारखा समजा.

पैसा आणि गाडी. मोठे व्यवहार, सह्या, कर्ज यांत विश्वासातला दुसरा माणूस सोबत हवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय गाडी चालवू नये. दारू पूर्ण बंद. जखमी मेंदूला ती जास्त बाधते आणि झटक्यांचा धोका वाढवते.

हे सगळे करताना एक पथ्य पाळावे लागते. चौकट द्यायची म्हणजे माणसाला लहान मूल करायचे असे नाही. यादी त्याच्यासोबत बसून बनवा. काय करायचे हे त्याने ठरवावे, कसे पोहोचायचे याला आपण हात द्यावा. सवय लागत जाईल तसा हात थोडा थोडा काढून घ्यावा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने दिसते, पण नंतरही ती थांबत नाही. नव्या सवयी पुढेही लागू शकतात.

कागद नीट नसेल तर हक्क बुडतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ‘मेंदूला इजा’ असा स्वतंत्र प्रकार त्या यादीत नाही. त्यामुळे हातापायांची कमजोरी, वाचा, दृष्टी अशा मोजता येणाऱ्या परिणामांची नोंद होते आणि आखणीची उणीव कागदावर येतच नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठी जाताना सायकॉलॉजिस्टचा लेखी अहवाल सोबत असणे गरजेचे आहे.

याच कायद्याचे कलम २०(४) सांगते की, सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. तो त्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. सफाई कामगार, एसटी कर्मचारी, शिपाई अशा पदांवरील आपल्या बांधवांकडून घाईघाईत राजीनामा लिहून घेतला जात असेल तर हे कलम पुढे करा. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला एवढे भक्कम संरक्षण नाही, हीच आपल्या लढ्याची पुढची जागा आहे.

रस्ते अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे वकिलाकडे लवकर जावे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की, शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे त्या माणसाची कमाईची ताकद किती घटली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण जो आता गवंड्याचे, सुपरवायझरचे किंवा दुकानाचे काम सांभाळू शकत नाही, त्याच्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे. पण न्यायालयाला पुरावा लागतो. म्हणून घरच्यांनी रोजची वही ठेवावी. तारीख, कोणते काम दिले, कुठे अडले, कुणाची मदत लागली. मालकाने दिलेली पत्रे, हजेरी, पूर्वीच्या पगाराचे पुरावे जपावेत. ‘विसरतो’ एवढे सांगून भागत नाही. ‘अमुक तारखेला गॅस तीनदा चालू राहिला’ हे सांगावे लागते.

कार्यकर्त्यांनी उचलायची कामे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट न घातल्याने मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यात ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले होते. मेलेल्यांचा आकडा आपण वाचतो. जखमींपैकी किती जणांच्या घरात वर सांगितलेले हाल सुरू झाले, याची गणती आपल्या वस्तीत आपणच करू शकतो.

मोटारसायकलचे हेल्मेट डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी करते, असे जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे आणि चार वर्षांवरील मुलालाही. आपल्या दुचाकी रॅलीत निळा फेटा दिमाखात शोभतो, पण त्या रॅलीत हेल्मेटशिवाय एकही तरुण निघणार नाही, असा ठराव मंडळांनी करायला काय हरकत आहे? मंडळाचे नाव लिहिलेले निळे हेल्मेटही शोभूनच दिसेल.

दुसरे काम भेटीचे. अपघातानंतर पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी होते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी कुणी जात नाही. प्रत्येक विहार, प्रत्येक मंडळाने दोन माणसे नेमावीत. त्यांनी घरच्यांना चार साधे प्रश्न विचारावेत. सांगितलेले काम पुरे होते का? ठरलेल्या वेळा लक्षात राहतात का? राग पूर्वीपेक्षा वाढला आहे का? घरात याची सगळी आखणी कोण करते आणि ती व्यक्ती स्वतः कशी आहे? उत्तरांवरून पुढची वाट ठरवता येते. तपासणी, प्रमाणपत्र, वकील की फक्त आठवड्यातून एक दुपार त्या बाईला सुट्टी.

तिसरे काम कामाचे. जमत असेल तर सावरत असलेल्या माणसाला मंडळातच एखादे ठरलेले, एकाच प्रकारचे काम द्या. वाचनालय रोज पाच वाजता उघडणे, पुस्तकांची नोंद करणे, रोपांना पाणी घालणे. वेळ तीच, क्रम तोच. यादी भिंतीवर. काम चुकले तर सर्वांसमोर बोलू नका, यादीत कुठे सुधारणा हवी ते त्याच्याबरोबर बसून पाहा.

आणि चौथे काम बोलण्याचे. पुढच्या वेळी कुणी म्हणाले, ‘अपघातानंतर तो बिघडलाच, कामच करत नाही’, तर तिथेच थांबवून विचारा की त्याच्या डोक्याला मार लागला होता का आणि त्यानंतर त्याची तपासणी कुणी केली. या एका प्रश्नाने एखाद्याची नोकरी वाचू शकते, एखादीचा संसारही वाचू शकतो.